खुडूक कोंबडीची बाजू

मराठीत ‘खुडूक’ हा शब्द कोणी कौतुकाने वापरत नाही. स्नेहसंमेलनात भाग न घेणारा विद्यार्थी, घर धरून बसलेला बेकार तरुण, निवडणूक हरल्यावर ओटीवरून न उठणारा पुढारी, या सगळ्यांना आपण दोन शब्दांत निकालात काढतो : ‘खुडूक झालाय!’ ज्या कोंबडीवरून हा शब्द आला ती बिचारी मात्र त्या दिवसांत आयुष्यातले सर्वांत कष्टाचे काम करीत असते. एकवीस दिवस ती अंडी सोडीत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, थोडा वेळ उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते आणि लगबगीने पुन्हा जागेवर येऊन बसते. तिचे वजन घटते, तुरा फिका पडतो. छातीवरची पिसे झडतात, काही ती स्वतःच उपटते, कारण अंड्याला पिसांची नव्हे, कातडीची ऊब लागते. शिवाय दिवसातून कितीतरी वेळा चोचीने एकेक अंडे फिरवते, म्हणजे आतला जीव कवचाला चिकटून राहू नये. एवढे करूनही आपल्या भाषेत ती आळशीच ठरली. प्रस्तुत लेख तिची बाजू मांडण्यासाठी आहे.

कला शाखेच्या वार्षिकात कोंबडी पाहून काही मंडळी नाक मुरडतील. हा विषय दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा, फार तर परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा, आपला नव्हे, असे म्हणतील. पण आपल्याच वर्गात निम्म्या मुली अशा घरांतून येतात जिथे सकाळी खुराडे उघडल्याशिवाय चूल पेटत नाही. त्या हे सांगत नाहीत, एवढेच. पनवेलच्या बसस्टँडवर उतरलो की आपण कोंबड्या विसरतो, आणि आपली बोलीही विसरतो. घरी आजी म्हणते, ‘कोंबरी खुरूक झायली.’ आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ कसा होतो हे भाषाविज्ञानाच्या तासाला उदाहरण म्हणून चालते. पण त्या कोंबडीच्या पैशातून माझ्या दोन वर्षांच्या एस.टी.च्या पासाचा खर्च भागला, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या तासाला कोणी उदाहरण म्हणून घेत नाही. तसे पाहिले तर घरात बाईच्या हक्काचा म्हणावा असा हा एकच पैसा. भाताचा पैसा पुरुषाच्या खिशात जातो, जमिनीचा तर जातोच जातो. अंड्यांचा आणि कोंबड्याचा मात्र आजीच्या कनवटीला राहतो, आणि तो कुठे खर्च करायचा हे तिला कोणाला विचारावे लागत नाही.

म्हणून या कोंबडीचे जे चालले आहे त्याबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते.

चालले आहे ते असे. गेल्या शंभर वर्षांत जगभरच्या कुक्कुटपालनाने कोंबडीच्या अंगातून खुडूक बसण्याचा गुण पद्धतशीरपणे काढून टाकला. त्यामागचा हिशेब साधा आहे. अंडी उबवायला बसलेली कोंबडी अंडी देत नाही. पुढे पिल्ले सांभाळते तेव्हाही देत नाही. आपली गावठी कोंबडी दहाबारा, फार तर पंधरा अंडी घालते आणि बसते. वर्षभरात तिची अंडी साठसत्तरच्या घरातच राहतात. उलट मूळ इटलीतून जगभर गेलेली पांढरी लेगहॉर्न घ्या. तिच्यातल्या बसणाऱ्या कोंबड्या पिढ्यानुपिढ्या वगळत गेल्यामुळे तिच्या आजच्या संकरित वंशातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि बसण्याचे नाव काढीत नाही. तिची अंडी उबवायला विजेचे यंत्र असते. साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता राखायची, ओलावा राखायचा, अंडी फिरवायची : कोंबडी करीत होती तेच काम. शहरांना स्वस्त अंडी मिळाली ती यामुळेच. वसतिगृहातल्या मुलाला आज स्वस्त प्रथिन अंड्यातून मिळते. त्यामुळे व्यवस्थेला सरसकट शिव्या देण्यात अर्थ नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. कारखान्याला सोयीचा असलेला गुण आपण परसदारातही आणून बसवला. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ तयार केल्या, बंगलोरच्या कृषी विद्यापीठाने ‘गिरिराजा’. पक्षी चांगले आहेत. रंगीत आहेत, बाहेर चरून खातात, लवकर वजन धरतात. ग्रामप्रिया तर वर्षाला दीडशेच्या पुढे अंडी देऊ शकते. पण या कोंबड्या उबेला बसत नाहीत. आणि त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवून पिल्ले काढली, तरी संकरित बियाण्याप्रमाणेच, आईबापाचे गुण पुढच्या पिढीत तसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणजे दर वेळी पिल्ले विकत आणायची किंवा पुढच्या योजनेची वाट पाहायची.

आमच्या गावात हे आम्ही पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून घरटी पिल्ले वाटली गेली. फोटो निघाले. निम्मी पिल्ले पहिल्या पावसात गेली, उरलेली मात्र छान वाढली, टपोरी तपकिरी अंडी देऊ लागली. बायका खूश. अंडी जास्त मिळतात म्हटल्यावर जुन्या गावठी कोंबड्या एकेक करून गटारीला आणि जत्रेला संपल्या. दोन वर्षांनी योजनेच्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, काही घारीने नेल्या. तेव्हा लक्षात आले की गावात अंड्यांवर बसेल अशी कोंबडीच उरलेली नाही. आमच्या आत्याला बसणारी एक कोंबडी मिळवण्यासाठी थेट माथेरानच्या पायथ्याला, धोदाणीकडच्या ठाकरवाडीत जावे लागले. तिथे अजून होती. ज्यांना योजनेने वगळले होते त्यांच्याकडेच बीज शिल्लक राहिले, ही यातली गंमत. कडवट असली तरी गंमतच.

‘बीज’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. भाताचे बी दर वर्षी विकत आणावे लागते याबद्दल आपण परिसंवाद घेतो, निबंध लिहितो. कोंबडीचे बी म्हणजे अंडे नव्हे. नुसते अंडे कोणीही देईल. अंडे, त्यावर बसणारी आई आणि त्या पिल्लांना घार ओळखायला शिकवणारी आई, हे सगळे मिळून बी होते. त्यातले एक काढले की उरते ती फक्त खरेदी.

हे बी किती जुने आहे याचा पुरावा आपल्याला लांब शोधायला नको. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आशियातला तांबडा रानकोंबडा, हे सर्वमान्य आहे. पण बऱ्याच कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. तो पिवळेपणा आपल्या दक्षिणेकडच्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. हा राखी रानकोंबडा म्हणजे कर्नाळ्याच्या जंगलात पहाटे ओरडतो तोच. कर्नाळा १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. सहलीला आपण सगळेच जातो, किल्ल्याच्या सुळक्याखाली फोटो काढतो, आणि खाली पायथ्याच्या वाडीत पिवळ्या पायांची त्याची दूरची नात उकिरडा उकरीत असते तिच्याकडे पाहतही नाही.

आता कोणी विचारील की खुडूक बसणे कोंबडीच्या मनावर आहे, त्यात माणसाने करायचे काय? बरेच काही. जुन्या बायकांना ते ठाऊक होते. आता ते ठाऊक नसलेल्या सुना आणि मुली घरात आहेत, त्यात मीही आहे, म्हणून आजीला विचारून आणि चार पुस्तके चाळून हे लिहिते.

कोंबडी बसते ती प्रोलॅक्टिन नावाच्या द्रव्यामुळे, आणि ते अंगात वाढायला अंड्यांचा पोटाला होणारा स्पर्श मदत करतो. रोजची रोज सगळी अंडी उचलली तर तिला वाटते अजून पुरी झाली नाहीत, आणि ती घालतच राहते. तिने बसावे असे वाटत असेल तर जागेवर चारपाच अंडी राहू द्यावीत. ती खरीच हवीत असे नाही; कोळशाने खूण केलेली जुनी अंडी, लाकडाची किंवा खडूची अंडीसुद्धा चालतात. जागा अंधारी, आडोशाची आणि शांत हवी. आमच्याकडे पडवीच्या कोपऱ्यात जुन्या पाटीत पेंढा घालून ठेवतात, तळाला राख पसरतात म्हणजे उवा कमी होतात. या उवांचे महत्त्व लोकांना कळत नाही. अर्धवट उठून जाणाऱ्या कितीतरी कोंबड्या स्वभावाने चंचल नसतात, त्यांना रात्रभर उवा खात असतात.

कोंबडी रात्रीही जागेवरच राहू लागली, हात लावताच पिसे फुलवून गुरगुरू लागली की ती खुडूक झाली. तरी लगेच चांगली अंडी खाली ठेवू नयेत. दोन दिवस तिची परीक्षा घ्यावी. जागा बदलायची असेल तर रात्री बदलावी, दिवसा हलवली तर ती जुन्या जागेकडे पळते. अंडी आठ-दहा दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली असावीत आणि ती सगळी एकाच दिवशी ठेवावीत. नाहीतर पहिली पिल्ले निघाली की आई त्यांच्यामागे उठून जाते आणि उरलेली अंडी गारठतात. लहान चणीच्या गावठी कोंबडीला नऊ-दहा अंडी पुरेत. लोभाने पंधरा ठेवली तर कडेची थंड पडतात, आणि अंडी फिरवताना कडेची मध्ये, मधली कडेला होत असल्यामुळे नुकसान सगळ्यांचेच होते. सातव्या-आठव्या रात्री अंडे विजेरीसमोर धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसता स्वच्छ पिवळा उजेड दिसला तर अंडे कोरे आहे, ते काढून टाकावे. शेजारणीची कोंबडीही त्याच सुमारास खुडूक असेल तर दोघींना एकाच दिवशी बसवण्यात शहाणपण आहे. पिल्ले कमी निघाली तर सगळी एकीकडे देऊन दुसरी मोकळी करता येते. रात्री पंखाखाली सरकवलेले परके पिल्लू ती सहसा झिडकारीत नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट निवडीची आहे, आणि नेमकी ती आपण उलटी करतो. जी कोंबडी नीट बसते, सात-आठ पिल्ले काढते आणि त्यातली पाचसहा मोठी करते, तिची पिल्ले ठेवायची, बाकीची विकायची, असा नियम हवा. घडते काय? पाहुणा आला की पटकन हाती लागते ती बसलेली कोंबडी! वेळेआधी बसू नये म्हणून तिला पाण्यात बुडवायचे, तिच्या नाकात पीस खुपसायचे, हे प्रकारही चालतात. अंडी विकायची घाई असलेल्या घरात ते समजण्यासारखे आहे, नाकातले पीस मात्र निव्वळ क्रूरपणा आहे. कोंबड्याचीही तीच कथा. सर्वांत दांडगा, सर्वांत उंच कोंबडा नवसाला किंवा गटारीला जातो आणि खुराड्यात उरतो तो कोणी घेतला नाही म्हणून उरलेला. पुढची सगळी पिल्ले त्याची! चांगल्या बसणाऱ्या कोंबडीचा एक मुलगा राखून ठेवावा, आणि दर दोन वर्षांनी तो लांबच्या गावातल्या नातेवाइकांच्या कोंबड्याशी बदलावा. नात्यातल्या नात्यात वीण होत राहिली की अंडी कोरी निघू लागतात, पिल्ले रोडावतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो.

हंगामाबद्दल एक गोष्ट आजीकडून कळली ती मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. ती दिवाळीनंतरच कोंबड्या बसवते. पावसाळ्यातली पिल्ले ओलीने आणि चैत्र-वैशाखातली उन्हाने मरतात हे तर उघड आहे. पण मार्गशीर्षात निघालेल्या पिल्लांना खळ्यावर सांडलेला दाणा आणि भात भरडल्यानंतरची कणी आयती मिळते, आणि त्यातले नर आषाढ अमावस्येला बरोबर सात-आठ महिन्यांचे होतात. त्या दिवशी पनवेलच्या बाजारात गावठी कोंबड्याला काय भाव असतो हे मुंबईहून खास येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारावे. हिशेबच मांडायचा तर दहा अंडी पंधरा रुपयांप्रमाणे विकली असे धरा, दीडशे रुपये झाले. तीच दहा बसवली, आठ पिल्ले निघाली, घारीला, कावळ्याला आणि मुंगसाला चार दिली, तरी उरलेल्या चारांतले दोन नर पाचशे-पाचशेला गेले तर हजार झाले आणि दोन तलंगा घरात राहिल्या. पहिले पंधरा दिवस आईला डालग्याखाली कोंडून पिल्ले तेवढी भोवती फिरू दिली तर घारीचा वाटा आणखी कमी होतो.

जाता जाता : ‘गावठी अंडी मिळतील’ अशी पाटी असलेल्या दुकानात तपकिरी कवचाचे प्रत्येक अंडे गावठी म्हणून विकले जाते. कवचाचा रंग जातीवर ठरतो. ऱ्होड आयलंड रेड ही अमेरिकेची कोंबडी फार्मच्या पिंजऱ्यात बसूनही तपकिरीच अंडे देते. आपण दुप्पट पैसे रंगाला मोजतो.

या कोंबडीचे गुण सांगताना तिचे धोके लपवणे बरोबर नाही. गावठी कोंबडी काटक असते म्हणजे तिला रोग होत नाहीत असा गैरसमज आहे. आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग गावेच्या गावे साफ करतो. कुमाऊँतल्या राणीखेतवरून त्याला आपल्याकडे हे नाव पडले. बाहेरच्या जगात तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या नावाने ओळखला जातो. दुसरा धोका बर्ड फ्लूचा. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला सापडला आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात. तो दूरचा वाटत असेल तर जानेवारी २०२५ आठवावा. त्या महिन्यात तो आपल्या शेजारी, उरण तालुक्यातल्या चिरनेरला आला. १९३०च्या जंगल सत्याग्रहाने आपल्याला ठाऊक असलेले हेच ते गाव. परिसरातल्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. बर्ड फ्लूवर परसदारात औषध नाही. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवणे, एकाएकी चारपाच मेल्या तर त्या न खाता, न विकता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे, एवढेच आपल्या हातात आहे.

मानमोडीवर मात्र लस आहे, स्वस्त आहे, आणि तरीही ती आजीच्या कोंबड्यांना मिळत नाही. याचे कारण अज्ञान नव्हे, बाटली आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब टाकायची लासोटा आणि आठव्या आठवड्याला टोचायची आर-टू-बी या लसी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांच्या बाटलीत येतात. बाटली बर्फात आणावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की थोड्याच वेळात संपवावी लागते. पाच हजार कोंबड्यांच्या शेडला ती सोयीची आहे. बारा कोंबड्यांच्या घराला नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ही अडचण ओळखून उष्णता सोसणारी ‘आय-टू’ लस काढली, आणि मोझांबिक, टांझानियासारख्या देशांतल्या खेड्यांत बायका ती स्वतः थेंब-थेंब टाकून देतात. आपल्याकडेही कोंबड्यांच्या डोळ्यात थेंब टाकायला पदवी लागत नाही. लागते ते एवढेच की एका सकाळी पंधरा घरे एकत्र यावीत.

आणि ही घरे आहेत, संपलेली नाहीत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसदारच्या पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली, २०१२ च्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. मात्र त्यांतल्या अंड्यांवर बसणाऱ्या किती आणि योजनांतून आलेल्या किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पनवेल तालुक्यात तर आणखी एक प्रश्न आहे. परसदारच जाते आहे. विमानतळासाठी दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले, ते आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले. भूखंडाच्या बदल्यात भूखंड मिळाला, त्यावर तीन मजले चढले. ओटी गेली, पडवी गेली. खुराडे कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात नव्हतेच, कारण ते बाईचे होते. आता गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे चार कोंबड्या ठेवणाऱ्या मावश्या मी पाहिल्या आहेत. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू पहाटेच्या आरवण्याबद्दल तक्रार करतात. कोंबडा न ठेवताही कोंबडी अंडी देते, हे खरे. पण मग ती अंडी कोरी, आणि आपण पुन्हा खरेदीपाशीच येऊन थांबतो. गच्चीवरचा हा प्रश्न कसा सोडवावा हे मला सांगता येत नाही. पण नेरे, मालडुंगे, धोदाणीच्या बाजूला आणि कर्नाळ्याच्या पायथ्याला अजून अंगण आहे, तिथे तरी हातची कोंबडी घालवू नये.

यासाठी माझी एक सूचना आहे, प्राचार्यांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनी ती मनावर घ्यावी. दर वर्षी आपले शिबिर एखाद्या वाडीवर जाते. आपण रस्ता झाडतो, व्यसनमुक्तीचे पथनाट्य करतो, वाडीवरची मंडळी ते सौजन्याने पाहतात. या वर्षी त्यातला एक दिवस लसीला द्यावा. पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधी बोलून ठेवावे, वाडीतल्या घरांची आणि कोंबड्यांची यादी करावी, आणि त्या यादीत एक रकाना जास्त आखावा : यंदा कोणती कोंबडी बसली, किती पिल्ले काढली, किती जगली. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय मिळेल. पुढच्या वर्षी ज्या घरात कोंबडी नाही त्या घरी याच यादीतली एक बसणारी कोंबडी आणि दुसऱ्या वाडीतला एक कोंबडा पोहोचवता येईल. खर्च बर्फाचा, थर्माकोलच्या डब्याचा आणि गाडीच्या डिझेलचा. अडचण एकच दिसते. शिबिरात आपण आठला उठतो आणि नऊला नाश्ता करतो. लस द्यायची तर वाडीवर सकाळी सहाच्या आत पोहोचावे लागेल. एकदा खुराडे उघडले की एकही कोंबडी हाती लागत नाही.